भिजत घोंगडे : ठाणे-कल्याणच्या ओल्या मुलखातील उबेचा इतिहास

एखादा प्रश्न निकालात न निघता पडून राहिला की आपण त्याला ‘भिजत घोंगडे’ म्हणतो. हा वाक्प्रचार ज्या समाजात रुळला, त्याला लोकरीचा स्वभाव अनुभवाने ठाऊक होता. घोंगडी चटकन भिजत नाही, पण एकदा पुरती भिजली की पावसाळ्यात ती दिवसचे दिवस वाळत नाही. आज हा वाक्प्रचार वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ओली घोंगडी हाताने उचलून पाहिली असेल.

थंडीपासूनच्या संरक्षणाचा इतिहास सहसा बर्फाळ प्रदेशांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ध्रुवीय मोहिमा, हिमालयातील चढाया, रशियातील युद्धे ही त्याची ठरलेली स्थळे. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही नावे त्यात कोठे येत नाहीत, आणि वरवर पाहता यायचे कारणही नाही. येथे हिवाळ्यातही पारा क्वचितच बारा अंशांखाली उतरतो. पण याच मुलखात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. याच पट्ट्यात लोकरीची मोठी गिरणी उभी राहिली, रेयॉनचे कारखाने आले आणि टेरिलीनचा धागा निघू लागला. येथल्याच स्थानकांवरून गेली कित्येक दशके तरुण मुले पाठीवर पिशव्या लावून सह्याद्रीत मुक्कामाला जात आहेत. या सगळ्याला जोडणारा धागा एकच आहे. आपल्याकडे उबेचा प्रश्न मुख्यतः तापमानाचा नाही, तो ओलीचा आहे. जुन्या साधनांनी हे ओळखले होते. नवी साधने निवडताना मात्र आपण ते वारंवार विसरतो.

हवा आणि पाणी

कोणतेही पांघरूण स्वतः ऊब देत नाही. ऊब शरीराची असते. पांघरूण आपल्या तंतूंमध्ये हवा अडवून ठेवते, आणि स्थिर हवा उष्णता फार सावकाश बाहेर जाऊ देते. पाणी मात्र हवेच्या सुमारे चोवीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. पांघरुणातील हवेची जागा पाण्याने घेतली की त्याची जाडी उपयोगाची राहत नाही. शिवाय ओले कापड वाळू लागले की त्यासाठी लागणारी उष्णताही ते अंगातूनच ओढून घेते. म्हणून लडाखच्या कोरड्या हवेत शून्याखालच्या तापमानातही नीट झोपलेला माणूस सह्याद्रीच्या गुहेत पंधरा अंशांवर रात्रभर कुडकुडू शकतो. अंग भिजलेले, वारा सुटलेला आणि पोट रिकामे असेल, तर शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीखाली जाण्यासाठी बर्फाची गरज लागत नाही.

प्रत्येक तंतू ओलीशी वेगळा वागतो. वस्त्रशास्त्रात ठरवलेल्या प्रमाण हवेत, म्हणजे ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत, लोकर आपल्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरते. व्हिस्कोस रेयॉन १३ टक्क्यांच्या आसपास, कापूस आठ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. लोकरीची खुबी अशी की ती ओलावा तंतूच्या पोटात घेते. वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषूनही ती हाताला ओली लागत नाही आणि शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. तंतू कुरळा आणि लवचीक असल्यामुळे भिजल्यावरही तो चपटा होत नाही, त्यातली हवा बरीचशी टिकते. कापूस उलट वागतो. ओला झाला की तो अंगाला चिकटतो आणि हवा हाकलून देतो. जुन्या लुगड्यांची गोधडी माजघरात कितीही उबदार असली तरी पावसात ती कोणी बाहेर काढत नाही, त्याचे कारण हे.

इरले आणि घोंगडी

उत्तर कोकणातील भातशेतीच्या कामात पावसासाठी दोन साधने होती. पहिले इरले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसासारखी रुंद पाने, आणि आकार असा की वाकून लावणी करताना डोके, पाठ आणि कंबर झाकली जावी. हात मोकळे राहतात, खालून हवा खेळती राहते, घाम आत कोंडत नाही. आजच्या पावसाळी जाकिटांत काखेखाली चेन ठेवून जे साधण्याचा प्रयत्न असतो, ते इरल्यात मुळातच होते. ज्याच्याकडे इरले नसेल तो गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून त्याची खोळ डोक्यावर घेई.

दुसरे साधन घोंगडी. तिची लोकर घाटावरची. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि काळपट असते. मेरिनो लोकरीचा तंतू साधारण वीस मायक्रॉनचा, तर दख्खनी मेंढीचा त्याच्या दीडपटीहून जाड. वर्षातून दोनदा कातरणी व्हायची. सूत घरी कातले जाई, ताण्याला चिंचोक्यांची खळ लावली जाई आणि खड्ड्याच्या मागावर सणगर किंवा खुटेकर धनगर ती विणत. अंगावर टोचणारी ही लोकर नाजूक कापडाला निरुपयोगी होती. पण घट्ट विणीच्या, वापराने दाटत जाणाऱ्या घोंगडीवर पावसाचे थेंब बराच वेळ वरच्या वर घरंगळत. रात्री तीच अंथरूण, तीच पांघरूण आणि तीच आडोसा.

यात एक विसंगती आहे. ज्या मेंढ्यांची लोकर कोकणातल्या पावसात उपयोगी पडते, त्या मेंढ्या स्वतः तो पाऊस सोसू शकत नाहीत. धनगरांचे कळप पाऊस संपला की घाट उतरून कोकणात येत, भाताच्या मोकळ्या खाचरांत बसत आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा घाटावरच्या कोरड्या पट्ट्यात परतत. बसलेल्या कळपाचे खत शेतकऱ्याला मिळे, त्याबद्दल धनगराला धान्य मिळे. घाट व कोकण यांच्यातील या जुन्या देवघेवीत घोंगडीही होती.

पानिपतचा हिवाळा

ओलीशी लढायला शिकलेला माणूस कोरड्या कडाक्याच्या थंडीत काय करतो, याचे मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत दुःखद उदाहरण पानिपतचे आहे. १७६०च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊंचे सैन्य दख्खनमधून उत्तरेकडे निघाले, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१पर्यंत ते पानिपतच्या छावणीत अडकून पडले. पराभवाचे पहिले कारण उपासमार हे होते, पण उत्तरेच्या हिवाळ्याने त्यात भर घातली. समोरचे अफगाण मेंढीच्या कातड्याचे, लोकर आतल्या बाजूला ठेवून शिवलेले पोस्तीन वापरणाऱ्या मुलखातले होते. उपाशी शरीर उष्णता निर्माण करू शकत नाही, आणि तेव्हा पांघरूण कितीही जाड असले तरी अपुरे पडते. झोपण्यापूर्वी पोटभर खाऊन घ्या, हा गिर्यारोहकांना दिला जाणारा आजचा सल्ला त्याच नियमावर उभा आहे.

खाडीकाठची गिरणी

१८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. बंदर जवळ, पाणी मुबलक, मुंबईपेक्षा जमीन स्वस्त. अशा ठाण्यात वाडिया यांची लोकरीची गिरणी होती. ती ससून घराण्याकडे गेली आणि १९२५ साली तिचे ‘रेमंड वुलन मिल्स’ झाले. हे नाव संचालक असलेल्या अल्बर्ट व अब्राहम जेकब रेमंड या बंधूंवरून आले. आज रेमंड म्हटले की लग्नाचा सूट आठवतो. पण १९४४ साली लाला कैलाशपत सिंघानिया यांनी गिरणी ताब्यात घेतली, तेव्हा तिचे मुख्य उत्पादन होते स्वस्त आणि जाडीभरडी लोकरी ब्लँकेटे. बारीक सुताचे सूटिंग, आणि १९५८ साली मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये उघडलेले पहिले दालन, हा सगळा पुढचा प्रवास.

त्या ब्लँकेटाकडे घोंगडीची धाकटी बहीण म्हणून पाहता येते. तत्त्व तेच. फरक एवढाच की यंत्राने लोकर पिंजून, विणल्यानंतर पृष्ठभाग खरवडून तंतू उभे केले जातात, म्हणजे कमी लोकरीत जास्त हवा अडते. घोंगडी वारा आणि पाऊस अडवते, पण वजनाला अडीच-तीन किलो भरते. पिंजलेले ब्लँकेट हलके आणि जास्त उबदार, पण वाऱ्यापावसात उघड्यावर ते टिकाव धरत नाही. बराकीत, इस्पितळात, घरात ते योग्य. आतले पांघरूण आणि बाहेरचे पांघरूण अशी ही फारकत महत्त्वाची आहे, कारण पुढे आलेली सगळी साधने याच दोन कामांची वाटणी करत गेली.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचे मोठे तळ उभारले गेले. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. सिंधमध्ये वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तेथून आलेल्या माणसांना येथे पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या दहापटीहून जास्त पावसाला तोंड द्यावे लागले. ऊब म्हणजे तापमान नव्हे, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज उरली नसणार.

झोपायची पिशवी

पांघरुणाची पिशवी करण्याची कल्पना धनगर, मेंढपाळ, सैनिक यांच्यात जगभर जुनी आहे. पण कारखान्यात बनलेली आणि विकली गेलेली पहिली स्लीपिंग बॅग म्हणून जिचा उल्लेख होतो, ती वेल्समधील न्यूटाउनचे व्यापारी प्राइस प्राइस-जोन्स यांची. १८७६ साली त्यांनी ‘युक्लिसिया रग’चे पेटंट घेतले. मधोमध दुमडून बंद करता येणारे लोकरी ब्लँकेट आणि त्यात हवा भरायची रबरी उशी, असे तिचे स्वरूप होते. तुर्कस्तानाशी लढणाऱ्या रशियन सैन्याने साठ हजार नगांची मागणी नोंदवली, पण प्लेव्हनाचा वेढा संपताच उरलेली मागणी रद्द झाली. म्हणजे आधुनिक स्लीपिंग बॅगेचा आरंभही लोकरीतूनच झाला, आणि तोही सैन्याच्या गरजेतून.

पिसांचा भराव मागाहून मान्यता पावला. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी फुग्याच्या कापडाचा, आत आयडर बदकाची मऊ पिसे भरलेला कोट नेला. ट्वीडचे कोट घातलेल्या सोबत्यांनी आधी त्यांची थट्टा केली आणि थंडी वाढल्यावर तोच कोट हेव्याचा विषय झाला. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरच्या या पिसांना बाजारात ‘डाऊन’ म्हणतात. तेवढ्याच वजनात इतकी हवा अडवणारा दुसरा भराव आजही नाही. पण ओल लागली की पिसांचे गोळे होतात, फुगवटा बसतो आणि भरावात हवा उरत नाही. हिमरेषेच्या वर पाणी गोठलेले असते, म्हणून तेथे ही उणीव झाकली जाते. पाऊस आणि धुके असलेल्या डोंगरात तीच उणीव सर्वांत मोठी ठरते. अलीकडे पिसांवर पाणी न धरणारे लेपन करतात. त्याने ओल लागायला उशीर होतो, ती टळत नाही.

कारखान्यातले धागे

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात कल्याणच्या आसपास दोन मोठे रेयॉन कारखाने सुरू झाले. शहाडचा सेंच्युरी रेयॉन आणि आंबिवलीजवळ मोहोन्याचा एनआरसी. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या व्हिस्कोसला रेशमाची झळाळी होती, पण ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. साडीच्या काठाला आणि अस्तराला तो चालला, पावसातल्या पांघरुणाला नाही.

खरा बदल पॉलिएस्टरने घडवला. १९४१ साली मँचेस्टरमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलेला हा धागा ‘टेरिलीन’ म्हणून ओळखला गेला. १९६०च्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावर केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीत तो ‘टेरिन’ या नावाने निघू लागला. आपल्याला तो आठवतो टेरिकॉटच्या शर्टामुळे आणि टेरिवूलच्या पँटमुळे, कारण तो चुरगळत नसे आणि रात्री धुतला की सकाळी वाळलेला असे. ‘लवकर वाळणे’ हा त्याचा गुण मध्यमवर्गाने इस्त्रीचा खर्च वाचवणारा म्हणून स्वीकारला. डोंगरातला माणूस त्याच गुणाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. जो धागा पाणी पोटात घेतच नाही, तो पिळून झटकला की पुन्हा हवा धरतो. पुढे पॉलिएस्टरचा पोकळ तंतू काढून त्याचा भराव करण्यात आला आणि ओल्या प्रदेशांसाठीची कृत्रिम भरावाची स्लीपिंग बॅग सिद्ध झाली. १९७९च्या सुमारास अमेरिकेतील माल्डन मिल्सने पॉलिएस्टरचेच लव असलेले ‘फ्लीस’ कापड आणले. लोकरीच्या स्वेटरला मिळालेला हा पहिला तगडा प्रतिस्पर्धी.

त्याआधी १९६२चा ऑक्टोबर येऊन गेला होता. नामका चू नदीच्या काठी, चौदा-पंधरा हजार फुटांच्या परिसरात, भारतीय जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी नंतर पुस्तकात ही स्थिती मांडली. बातम्या आल्या तशा देशभर घराघरांतून बायका जवानांसाठी स्वेटर विणू लागल्या, आणि नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. देशात लोकरीच्या गिरण्या होत्या, नाक्यावर माणसे होती, पण गिरणीतली ऊब नाक्यापर्यंत पोहोचली नव्हती. पांघरुणाचा इतिहास हा नेहमीच वाटपाचाही इतिहास असतो.

कसाऱ्याची गाडी

कल्याणला रेल्वेचे दोन फाटे होतात आणि दोन्ही डोंगराला भिडतात. आसनगावला उतरून माहुली, कसाऱ्याहून रतनगड, कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग, कर्जतहून राजमाची आणि भीमाशंकरची वाट. मुरबाडकडे जाणारी एसटी धरली की सिद्धगड, गोरखगड, नाणेघाट. डोंबिवली-ठाण्याच्या मुलांना शनिवारी रात्रीची शेवटची गाडी पकडून रविवारी रात्री घरी परतता येते. सह्याद्रीतल्या भटकंतीला या उपनगरांत जे वेड लाभले, त्यामागे हे वेळापत्रक आहे.

सुरुवातीच्या पिढ्यांकडे निवडीचा प्रश्नच नव्हता. घरातली चादर, शाल, जमल्यास घोंगडी, आणि खाली प्लॅस्टिकचा कागद. अनेकांना स्लीपिंग बॅग पहिल्यांदा भेटली ती यूथ हॉस्टेल्सच्या हिमालयातील शिबिरांत. तेथून परतल्यावर तशीच आपल्याकडे असावी असे वाटणे स्वाभाविक होते. पुढे दुकाने आली, पिशवीवर तापमानाचे आकडे छापून येऊ लागले आणि ‘जितका आकडा उणे, तितकी पिशवी चांगली’ असा समज झाला.

हा आकडा कसा ठरतो ते पाहण्यासारखे आहे. युरोपात २००२ साली आलेल्या ईएन १३५३७ या मानकाने, आणि त्याच्या जागी पुढे आलेल्या आयएसओ २३५३७ने, स्लीपिंग बॅगेची चाचणी तापवलेल्या पुतळ्यावर, थंड खोलीत, खाली चटई घालून करायची असे ठरवले. त्यातला ‘कम्फर्ट’चा आकडा सर्वसाधारण स्त्रीसाठी आणि ‘लिमिट’चा सर्वसाधारण पुरुषासाठी. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा केवळ जीव वाचण्याचा, झोपेचा नाही. ही पद्धत उपयुक्त आहे, पण तीत पिशवी कोरडी असते. ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडाच्या गुहेत, पाझरणाऱ्या कातळावर, ओल्या कपड्यांनिशी शिरलेल्या माणसासाठीचा आकडा कोणत्याही पिशवीवर छापलेला नसतो.

म्हणून सह्याद्रीसाठीची निवड घोंगडी आणि इरल्याच्या जुन्या शहाणपणाने करावी लागते. जून ते सप्टेंबरमध्ये कम्फर्ट दहा-बारा अंशांची, कृत्रिम भरावाची पिशवी पुरते. उणे दहाची पिशवी घामाने आतून भिजते, आणि ती ओल बाहेरच्या पावसाइतकीच वाईट. डिसेंबर-जानेवारीत गडमाथ्यावर पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पाचच्या आसपासची पिशवी आणि आत सुती नसलेला कोरडा सदरा. पिसांची पिशवी हिमालयासाठी राखावी. पिशवीइतकीच महत्त्वाची आहे खालची फोमची चटई, कारण अंगाखाली भराव दबतो आणि कातळ उष्णता ओढत राहतो. जाकिटाचेही तसेच. वारा-पाऊस अडवणारे वरचे आवरण आणि ऊब धरणारा आतला थर हे वेगवेगळे असावेत, म्हणजे चढताना आतला थर काढून कोरडा ठेवता येतो. रात्रीसाठीचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे हा तर बिनखर्चाचा विमा. घरी परतल्यावर पिशवी उन्हात वाळवून, न दाबता, सैल ठेवावी. डोंबिवलीच्या पावसाळ्यात बंद कपाटातली ओल जितक्या पिशव्या खराब करते, तितक्या डोंगरातला पाऊस करत नसेल.

उरलेली लोकर

ठाण्यातील रेमंडचा कारखाना आणि मोहोन्याचा एनआरसी हे दोन्ही २००९च्या सुमारास बंद पडले. पोखरण रस्त्यावर गिरणीच्या जागेत निवासी मनोरे उभे राहिले आहेत, आणि रेमंडच्याच नावाने तेथे घरे विकली जातात. स्वस्त ब्लँकेटांचा धंदा गेली काही दशके पानिपतात एकवटला. परदेशांतून आलेले टाकाऊ लोकरी कपडे फाडून, पिंजून तेथे ‘शॉडी’ सूत निघते आणि पूर-भूकंपात वाटली जाणारी ब्लँकेटे त्याची होतात. आता तेथेही पॉलिएस्टरने लोकरीला मागे सारले आहे. मराठी सैन्य ज्या मैदानावर थंडीने गारठले, त्या गावाची ओळख जगाच्या जुन्या स्वेटरांची नवी ब्लँकेटे करणारे गाव अशी व्हावी, हा इतिहासाचा योगायोग.

घाटावर दख्खनी मेंढ्या अजून आहेत, पण त्या मांसासाठी पाळल्या जातात. लोकरीला गिऱ्हाईक नाही. पुष्कळ ठिकाणी तिच्या विक्रीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर शिवारातच टाकून दिली जाते. त्याच वेळी ठाण्याच्या दुकानात परदेशी मेरिनोचा बनियन काही हजार रुपयांना विकला जातो, आणि ‘ओला झाला तरी उबदार’ हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. दख्खनी लोकर टोचते. ती अंगालगत चालणार नाही हे खरे. पण फोमच्या चटईवर घालायचे अंथरूण, गुहेच्या तोंडाशी धरायचा आडोसा, पुरात अडकलेल्यांना द्यायचे पांघरूण, यांसाठी ती टोचली तरी काय बिघडते? या कामांसाठी या लोकरीची चाचणी आपल्याच एखाद्या वस्त्रसंस्थेत, आपल्याच पावसाळ्याच्या हवेत व्हायला हवी. तिचा आकडा उणे नसेल, पण तो आपल्या मुलखाचा असेल.